पाड्यावरचा दिवा दहाव्या वर्षीही लागला पाहिजे

मा. ऊर्जामंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

महोदय,

मुंबईतल्या घरगुती वीजबिलावर 16 टक्के विद्युत शुल्क लागतं आणि ते राज्याच्या तिजोरीत जमा होतं. मी विद्युत अभियंता आहे, गोरेगावला राहते आणि हे शुल्क दर महिन्याला भरते. त्यातला काही वाटा डोंगरातल्या आदिवासी पाड्यांच्या विजेसाठी जावा, हे सांगण्यासाठी हे पत्र.

या शहराच्या गिरण्यांना 1915 पासून खोपोलीची वीज मिळू लागली. मग भिवपुरी आली, भिरा आलं. घाटमाथ्यावरचं पाणी खाली सोडून मुंबई उजळली आणि त्यापायी मुळशीच्या शेतकऱ्यांच्या जमिनी पाण्याखाली गेल्या. त्याच डोंगरांतल्या कातकरी-ठाकर वाड्यांना मात्र लाईटसाठी पिढ्यान्‌पिढ्या थांबावं लागलं. लांब कशाला, गेटवेहून लाँचने तासाभरावर असलेल्या घारापुरीला समुद्राखालच्या केबलने वीज पोचली ती 2018 साली. मुंबईकर म्हणून मला हे देणं वाटतं, आणि ते फेडायची वेळ कधीच येऊन गेली आहे.

जिथे खांब नेणं परवडत नाही, तिथे सरकार सौर संच देतं. पालघरच्या डोंगरातल्या एका पाड्यावर असाच एक संच मी पाहिला. पॅनेल धडधाकट होतं. बॅटरीच्या टर्मिनलवर मात्र पांढरा क्षार साचलेला, आतलं पाणी आटलेलं. पेटीवरचा तक्रारीचा नंबर उन्हाने पुसट झाला होता, जुळवून लावला तर बंद. घरातल्या आजीने त्या पेटीवर तांदळाचा डबा ठेवला होता. "पहिल्या वर्षी चांगला उजेड होता बाई," एवढंच त्या म्हणाल्या. कागदोपत्री ते घर आजही उजेडात असेल.

केंद्र सरकारच्या पीएम-जनमन योजनेत कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या आपल्या राज्यातल्या तिन्ही आदिम जमातींच्या अंधाऱ्या घरांसाठी 0.3 किलोवॅटच्या सौर संचाची तरतूद आहे. तीनशे वॅटमध्ये दिवे लागतात, पंखा फिरतो, मोबाइल चार्ज होतो. पण दोन अश्वशक्तीच्या पिठाच्या गिरणीला जवळजवळ दीड हजार वॅट लागतात, आणि नाचणी दळायला डोंगर उतरून जायचं काम बायकांचंच असतं. हेच वॅट एकत्र केले तर? जुन्नर तालुक्यातल्या दरेवाडीत 2012 साली 39 घरांसाठी 9.4 किलोवॅटची सौर मिनीग्रिड, म्हणजे सगळ्या वाडीला मिळून एकच सामायिक वीजव्यवस्था, उभी राहिली. तेवढ्याच घरांचे 0.3 किलोवॅट जोडले तर 11.7 होतात, दरेवाडीपेक्षा जास्तच. सगळी घरं एकाच वेळी पूर्ण भार घेत नाहीत, त्यामुळे दिवसा गिरणीला, पाण्याच्या पंपाला, आरोग्य उपकेंद्रातल्या लशींच्या फ्रिजला वीज उरते. घरं विखुरलेली असतील तिथे सुटे संचच बरे, हे मला मान्य आहे. पण एकमेकांना लागून असलेल्या वाडीला सुट्या पेट्या वाटणं म्हणजे तिची ताकद घटवणं आहे.

दरेवाडीत भांडवल बाहेरून आलं. रोजचा कारभार गावाच्या न्यासाने सांभाळला आणि लोकांनी मीटरप्रमाणे पैसे भरले. गरीब माणूस बिल भरत नाही, हे मंत्रालयात सर्रास ऐकू येतं. वीज खरोखर येत असेल तर तो भरतो. त्याला पेलत नाही ते एकदम अंगावर येणारं बॅटरी बदलायचं ओझं. लेड-ॲसिड बॅटरी चार-पाच वर्षांत थकते आणि बहुतेक प्रकल्प तिथेच बसतात, कारण अंदाजपत्रकात उभारणीचा पैसा असतो, पाचव्या वर्षाचा नसतो.

दुसरं भय खांबांचं, म्हणजे मागाहून सरकारी लाइन येण्याचं. बिहारमधल्या धरनईत 2014 साली 100 किलोवॅटची मिनीग्रिड सुरू झाली. पाठोपाठ सरकारी वीज स्वस्तात आली, लोक तिकडे गेले, बॅटऱ्या संपल्या आणि सगळं बंद पडलं. उत्तर प्रदेशाने 2016 च्या मिनीग्रिड धोरणात लाइन आल्यावर प्रकल्पाचं काय करायचं, हे आधीच लिहून ठेवलं. महाराष्ट्राला ते जड नाही.

कायदाही आडवा येत नाही. वीज कायदा 2003 च्या कलम 14 प्रमाणे अधिसूचित ग्रामीण भागात वीज तयार करून वाटायला परवाना लागत नाही. वनजमिनीसाठी वनहक्क कायद्याचं कलम 3(2) आहे. ग्रामसभेने शिफारस केली तर त्यातल्या मर्यादेत वीजवाहिनी आणि अपारंपरिक ऊर्जा, दोन्हींसाठी जागा देता येते. महिनोन्‌महिने अडकून पडणारी फाइल या वाटेने हलू शकते.

म्हणून विनंती अशी. विद्युत शुल्कातून मिनीग्रिडसाठी स्वतंत्र निधी काढा, आणि उभारणीबरोबर दहा वर्षांच्या देखभालीचे पैसे त्यात पहिल्याच दिवशी बाजूला ठेवा. कंत्राटदाराची रक्कम एकदम देऊ नका. मीटरवर दिसणाऱ्या चालू तासांप्रमाणे ती दर तिमाहीला सुटू द्या, आणि बिलावर ग्रामसभेची सही असल्याशिवाय नको. प्रत्येक वाडीतल्या दोघा-तिघांना, त्यात मुलींनाही, वायरमनचं काम शिकवून पगारावर ठेवा. आणि खांब पोचले तर महावितरण ही मिनीग्रिड आपल्या लाइनला जोडून घेईल, असं करारात लिहून द्या.

येत्या अर्थसंकल्पात या निधीचं स्वतंत्र लेखाशीर्ष दिसावं, ही अपेक्षा.

आपली,
एक वीजग्राहक आणि अभियंता
गोरेगाव, मुंबई