बालवर्गाच्या निवडीबाबत पालक सदस्यांसाठी सूचना
सर्व पालक सदस्यांना कळविण्यात येते की, ३ ते ६ वर्षे वयाच्या मुलांसाठी गावातील सार्वजनिक बालवर्ग आणि शेजारच्या प्राथमिक शाळेला जोडलेला वर्ग या दोन पर्यायांवर पुढील सभेत चर्चा होणार असल्याने प्रत्येकाने तत्पूर्वी दोन्ही वर्ग प्रत्यक्ष पाहून यावेत.

प्रगतीचे तक्ते वाचताना पटसंख्या विसरू नये. आठ मुलांच्या वर्गात एक मूल मागे पडले तरी टक्केवारी साडेबारांनी घसरते, त्यामुळे एका वर्षाच्या आकड्यावरून बाईंना दोष देणे (मागील सभेत नेमके तेच झाले) अन्यायाचे आहे. अमेरिकेतील मिशिगनमधील पेरी पूर्वप्राथमिक प्रकल्पात (बालशिक्षणाचा पुढील आयुष्यावर होणारा परिणाम तपासणारा अभ्यास) मुले १२३च होती, परंतु त्यांचा मागोवा वयाच्या चाळिशीपर्यंत घेतला गेला. आपण निदान तीन वर्षांचे तक्ते एकत्र पाहावेत.

भेटीच्या वेळी भिंतीवरील चित्रांपेक्षा, बाई प्रश्न विचारल्यावर उत्तराची वाट पाहतात का आणि ठोकळे व गोष्टींची पुस्तके मुलांच्या हाताला येतात की कपाटात कुलूपबंद असतात, हे पाहावे. अक्षरे गिरवून घेणारा वर्ग आपल्याला लवकर आवडतो. तथापि या वयात वाचनाची खरी तयारी बोलण्या-ऐकण्यातून होते. निरीक्षणे लेखी आणावीत.