लॅबमधल्या मामांना

मामा, नमस्कार.

हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय, कारण बोलणी खाल्ली तीही सगळ्यांसमोर. तुम्ही असलं काही वाचत बसत नाही हे ठाऊक आहे. तुमची सून वाचते, ती वाचून दाखवेल.

काल वनस्पतिशास्त्राचं प्रॅक्टिकल झालं. घरी आले, पोळ्या केल्या, मुलाचा अभ्यास घेतला, आणि सगळे झोपल्यावर ओट्याशी उभी असताना रडू आलं. दुःखाचं नव्हतं. समोर आलेली स्लाइड मी ओळखली होती, हात न थरथरता. खालचे लाल पट्टे बघून क्षणभर पोटात गोळा आला, मग तुमचा आवाज आठवला, ‘ताई, हा दोर आहे.’

चाळिशीत पुन्हा बीएस्सीच्या वर्गात बसणं सोपं नसतं. त्यात माझी शाळा मराठी माध्यमाची. जलवाहिन्या, रसवाहिन्या म्हणा, मला कळतं. झायलेम-फ्लोएम म्हटलं की मनातल्या मनात भाषांतर करेपर्यंत बाई पुढच्या आकृतीवर गेलेल्या असतात. क्लासमध्ये एकच मंत्र पाठ करून घेतला होता : सॅफ्रॅनिन या रंगाने लाल झालं ते लाकूड, म्हणजे झायलेम, आणि फास्ट ग्रीन या रंगाने हिरवं झालं ते फ्लोएम. मी तोच धरून चालले. भेंडीच्या झाडाच्या खोडाचा छेद बघताना सालीच्या भागातही लाल पट्टे दिसले, हिरव्यात लाल, पुन्हा हिरव्यात लाल. मी त्यांनाही लाकूड म्हणून नाव दिलं. जर्नलवर लाल फुली पडली आणि सगळ्या बॅचसमोर विचारणा झाली, ‘मराठी मीडियम का? पुस्तक तरी उघडता का?’ माझ्या मुलाहून चार-पाच वर्षांनीच मोठी असलेली पोरं खाली बघत होती. चूक कुठे झाली हे मात्र कोणी सांगितलं नाही. त्याआधी दोघांना विचारून झालं होतं. एकाने व्हिडिओची लिंक पाठवली, दुसरीने ‘एवढं कोण विचारतंय, पाठ करून टाका’ म्हणून हात झटकले.

तुम्ही त्या वेळी मागे बेसिनपाशी काचेच्या पट्ट्या धूत होतात. सगळे गेल्यावर माझ्या टेबलाशी आलात आणि आधी सूक्ष्मदर्शकाचा दिवा बंद केलात. मला वाटलं, उठा म्हणताय. तुम्ही म्हणालात, ‘डोळ्यांना जरा सुट्टी द्या. हातात घेऊन बघू.’ खाली जाऊन कंपाउंडमधल्या भेंडीची करंगळीएवढी फांदी घेऊन आलात. तीच भेंडी, भाजीची नव्हे, पारोसा पिंपळ म्हणतात ती, सकाळी पिवळी फुलणारी आणि संध्याकाळी लालसर होऊन गळणारी. भेंडी बाजाराचं नाव या झाडांवरून पडलं असं सांगतात, तेही तुम्हीच बोलता बोलता सांगितलंत.

नखाने वरचा करडा पापुद्रा खरवडलात. खाली हिरवं. आणखी जरा खोल गेलात तर पांढुरकं, दोऱ्या-दोऱ्यांचं. मग ब्लेडने उभी चीर दिलीत आणि चिमटीत धरून ओढलंत. पाय मोज्यातून निघावा तशी फांदी सालीतून बाहेर आली, पांढरी, ओली. ‘हातात आलं ते सगळं साल. उरलं ते लाकूड. तुमचं फ्लोएम कुठे गेलं? सालीबरोबर.’ मग माझं बोट धरून त्या ओल्या लाकडावरून फिरवलंत. ‘बुळबुळीत लागतं ना? कॅम्बियम ते. चित्रात रेघ असते, झाडात ओल असते.’

इतकी वर्षं मी ती रेघ काढत आले होते. ती आतल्या बाजूला लाकूड घडवते आणि बाहेरच्या बाजूला अंतर्साल, हे मला पाठ होतं. पाऊस नुकता सरलेला, झाड वाढीवर, म्हणून त्या थरातल्या कोवळ्या पेशी सहज तुटतात आणि साल तिथूनच सुटते, हे बोटाला त्या दिवशी कळलं. वरच्या बुचाच्या थराचं कॅम्बियम वेगळं, ते बाहेर, सालीतच असतं. दोन्हींची मी कायम गल्लत करायचे. ती त्यानंतर एकदाही झाली नाही.

आणि लाल पट्टे? सालीची आतली पट्टी तुम्ही पिळलीत, दुहेरी केलीत आणि म्हणालात, ‘तोडा.’ मी ओढली, तुटेना. ‘गावाला केवणीच्या सालीचे असेच दोर वळायचो. हा वाख, सालीतला धागा. तंतूच्या पेशी कडक असतात, म्हणून त्याही लाल रंग धरतात. लाल दिसलं म्हणून लाकूड होत नाही. आधी ओल कुठे आहे ते शोधा, तिच्या बाहेर असेल तर दोर.’ दोन वाक्यांत झालं. ही दोन वाक्यं मला कोणीही सांगू शकलं असतं.

पण मामा, मला सगळ्यांत जास्त आठवतो तो तुमचा रुमाल. निघताना तुम्ही आणखी एक फांदी आणलीत, खिशातला निळ्या चौकड्यांचा रुमाल नळाखाली भिजवून पिळलात, फांदी त्यात गुंडाळलीत आणि माझ्या हातात दिलीत. ‘सुकली तर साल सुटायची नाही. गाडीत सोलत जा.’ बस, इतकंच. माझा परळ ते मुलुंडचा तास-दीड तास फुकट जातो हे तुम्ही कधी लक्षात घेतलं होतंत, कोण जाणे. त्या संध्याकाळी लेडीज डब्यात शेजारची बाई मेथी निवडत होती आणि मी भेंडीची फांदी सोलत होते. तिने विचारलं, ‘हे कशाला?’ घाटकोपर येईपर्यंत तिला साल, ओल, वाख, लाकूड सगळं सांगून झालं होतं. दुसऱ्याला सांगता आलं तेव्हा माझी खात्री पटली.

ज्याला येतं त्याने खाली वाकून दाखवावं, याला फार मोठं मन लागतं. पगारात ते लिहिलेलं नसतं. तुमच्या टेबलावर धुवायच्या पट्ट्यांचा ढीग तसाच पडला होता, तुमचीही गाडी चुकली असणार. अशी माणसं या शहरात सगळीकडे आहेत, कुठे बेसिनपाशी, कुठे जिन्याखाली, आणि त्यांची नावं कुठल्या पाटीवर नसतात. मला तुमची फार किंमत आहे, मामा.

आता घरातही माझं चालूच असतं. सासूबाईंच्या मसाल्याच्या डब्यातली दालचिनी काढून बघितली. तुमच्या गावाकडे दालचिनीच्या फांदीची वरची साल आधी तासून टाकतात आणि मग आतली तेवढी उचलतात, वाळली की ती आपोआप गुंडाळी होते, हे तुम्ही सांगितलं होतंत. आमच्या डब्यातली जाडजूड, वर करडी खपली तशीच राहिलेली. सासूबाईंना खपली दाखवली, त्यांनी चष्मा लावून बघितली आणि म्हणाल्या, ‘म्हणजे इतकी वर्षं आपण बाहेरची सालही खातोय?’ आणि रस्त्यावरच्या झाडाला आवळलेली लायटिंगची तार आता मला बघवत नाही. पानांत तयार झालेली साखर आतल्या सालीतूनच मुळांकडे उतरते. तार सालीत रुतली की खालची मुळं उपाशी राहतात. मागच्या आठवड्यात वॉचमनला सोबत घेऊन आमच्या गेटजवळच्या झाडाची तार मी सोडवून घेतली.

रुमाल धुऊन, इस्त्री करून ठेवलाय. एका कोपऱ्यात सालीचा तपकिरी डाग पडलाय, दोनदा घासला तरी गेला नाही, त्याबद्दल रागावू नका. शनिवारी घेऊन येते. सोबत सासूबाईंनी केलेल्या नारळाच्या वड्या आहेत, त्यांनी तुमच्यासाठी वेगळ्या काढून ठेवल्यात. दोनच्या सुमारास लॅबमध्ये असाल ना?

तुमची,
मुलुंडच्या ताई