ताकातली बिस्किटं, गव्हाशिवाय

पुणे, रविवार

ती. आई व बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबांचा गहू कायमचा बंद झाल्यापासून फोनवर दर वेळी एकच विषय निघतो: चहाबरोबर काय? भाकरी, घावन, भगर यांनी जेवणाचं भागतं, पण खारी आणि टोस्टची जागा अजून रिकामीच आहे. म्हणून ताकातल्या बिस्किटांची कृती लिहून पाठवते आहे. फोनवर सांगितली की वजनं विसरली जातात, आणि या बिस्किटांची सगळी मदार वजनावरच असते.

आधी एक खुलासा. ही आपली पुड्यातली कुरकुरीत बिस्किटं नव्हेत. अमेरिकेच्या दक्षिण भागात बिस्किट म्हणतात ते पावासारखं मऊ, वरून खरपूस आणि आत पदर सुटलेलं असतं. लोणी, मध किंवा पातळ रश्शाबरोबर ते गरम गरम खातात. मुळात ते मैद्याचं, पण आपण गव्हाचा कण न घालता करायचं आहे.

आई, हे पीठ तुझ्या हाताला नवं नाही. ज्वारीची भाकरी आपण थापतो, पोळीसारखी लाटत नाही, कारण ज्वारीत ग्लूटेन, म्हणजे गव्हातलं चिवट प्रथिन, नसतं आणि पिठाला ताण धरता येत नाही. गव्हाच्या कणकेत ग्लूटेनची जाळी तयार होते, हवा अडकवते आणि पदार्थाला आकार देते. ती जाळी नसली की बिस्किट तव्यावरच पसरतं किंवा भुगा होतं. म्हणून तिचं काम दुसऱ्या कशाकडून तरी करून घ्यायचं. आपण ते इसबगोलाच्या भुशीकडून घेणार आहोत. ओलं झालं की इसबगोल जेलीसारखं फुगतं आणि पिठाला बांधून ठेवतं. परदेशी कृतींत यासाठी झँथन गम असतो. तोही चालतो, पण इसबगोल पंचवटीत कुठल्याही औषधाच्या दुकानात मिळतं. साधं घ्यायचं, साखर किंवा संत्र्याचा स्वाद घातलेलं नको.

पिठाच्याही आधी भांड्यांचं बोलू, कारण सगळ्यात जास्त चूक तिथेच होते. सिलिअ‍ॅकमध्ये, म्हणजे बाबांच्या या ग्लूटेन न सोसण्याच्या आजारात, ‘थोडंसं चालतं’ असं काही नसतं. ग्लूटेन-फ्री म्हणून विकायच्या खाद्यपदार्थात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लूटेन असता कामा नये, असा आपल्याकडचा नियम आहे. यावरून कण किती बारीक धरावा लागतो ते कळेल. गिरणीत तांदूळ दळून आणले तर आधीच्या गव्हाच्या घाण्याचं पीठ त्यात येतंच. ‘आधी थोडे तांदूळ टाकून जातं साफ करून देतो’ असं गिरणीवाला म्हणाला तरी त्यावर भिस्त ठेवू नका. घरघंटीत आजवर गहू दळला असेल तर तीही नको. मिक्सरचं छोटं भांडं घासून, रबराची रिंग काढून धुवून घ्या आणि त्यातच दळा. चाळण मात्र नवीनच हवी, जुन्या जाळीतलं पीठ धुऊन निघत नाही. भांडी बाजारात गेलात की एक बारीक जाळीची चाळण आणि एक बिडाचा तवा आणा. बिडाला आणि लाकडाला छिद्रं असतात, त्यामुळे पोळ्यांचा जुना तवा, पोळपाट, लाटणं यांतलं काहीही वापरायचं नाही. हिंगाच्या डबीवरही नजर टाका: बांधणी हिंगात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. सातूच्या पिठातही गहू असतो.

आता पीठ. एकूण २५० ग्रॅम: तांदळाची पिठी १३०, ज्वारीचं पीठ ५०, कॉर्नफ्लोअर ४०, साबुदाण्याचं पीठ ३०. तांदळासाठी इगतपुरीकडचा इंद्रायणी घे. तो चिकट असतो आणि इथे तो चिकटपणा हवाच आहे. मोदकाच्या पिठीसारखा धुवून, सावलीत कापडावर वाळवून मग दळ. नुसत्या कोरड्या तांदळाचं पीठ कितीही दळलं तरी रवाळ राहतं, आणि बिस्किट खाताना दाताखाली वाळू आल्यासारखं होतं. साबुदाणा कोराच दळून दोनदा चाळ, राहिलेला कण भाजल्यावर खडा होतो. बाजारात टॅपिओका स्टार्च मिळतो, पण तो आणि साबुदाणा एक नव्हेत. साबुदाणा तयार होताना शेकला जातो, म्हणून तो पाणी जास्त ओढतो. टॅपिओका स्टार्च वापरलास तर ताक थोडं कमी लागेल.

नागलीचा मोह होईल. पेठ-सुरगाण्याची नागली चांगलीच असते, पण ज्वारीच्या जागी ३० ग्रॅमपेक्षा जास्त घालू नकोस, बिस्किट काळपट आणि भुसभुशीत होतं. बाजरी तर नकोच. तिचं पीठ लवकर कडवट होतं, आणि भाजल्यावर तो कडवटपणा आणखी उघडा पडतो. भगरीचं पीठ मात्र ज्वारीऐवजी बिनदिक्कत चालेल, चवीला सौम्य असतं.

या पिठात ६ ग्रॅम इसबगोल मिक्सरमधून बारीक करून मिसळायचं. बाबा, हे वजन तुम्हीच करा, चमच्यावर सोडू नका: भुशी फुगीर असते, चमच्यात कधी ती मावते कधी नाही. त्यात बेकिंग पावडर १० ग्रॅम, खाण्याचा सोडा पाव चहाचा चमचा, साखर १० ग्रॅम. बटर खारट असेल तर मीठ घालूच नका. बाबांच्या बी.पी.साठी एक गोष्ट ध्यानात असू द्या: सोडा, बेकिंग पावडर आणि खारट बटर, तिन्हींतून सोडियम पोटात जातं. शक्यतो बिनमिठाचं बटर घ्या आणि वरून ३ ग्रॅम मीठ घाला, म्हणजे किती गेलं हे आपल्या हातात राहतं. बेकिंग पावडरच्या डब्यावर घटक वाचा. त्यात भरीला स्टार्च असतो, तो मक्याचा असावा.

लोणी म्हणजे या पदार्थाचा जीव. शंकरपाळ्यांना आपण मोहन कडकडीत घालतो, इथे नेमकं उलटं, मोहन बर्फासारखं गार हवं. ८५ ग्रॅम बटर रात्रीच फ्रीजरमध्ये टाक आणि सकाळी मोठ्या छिद्रांच्या किसणीवर किसून थेट पिठात पाड. हाताने चोळायचं नाही, दोन काट्यांनी वरखाली करायचं. कीस पिठात वेगवेगळा दिसत राहिला पाहिजे. चिरोट्याला साटा लावतो ना, तसंच काम हे लोण्याचे तुकडे करतात, दोन थरांमध्ये बसून त्यांना एकमेकांना चिकटू देत नाहीत. भट्टीत गेल्यावर ते वितळतात, बटरमधल्या पाण्याची वाफ होते आणि ती वाफ थर उचलून धरते. तुपात पाणी नसतं, म्हणून तूप घातलं की नानकटाईसारखं खुसखुशीत होतं, पण पदर सुटत नाहीत. घरचं लोणी वापरायचं असेल तर गार पाण्यात चांगलं धुवून, पाणी निथळून, गोळा कडक गोठवून घे. एप्रिल-मेमध्ये नाशिकला उन्हाचा कहर असतो, तेव्हा पीठ, परात, ताक सगळं अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवूनच कामाला लाग. थंडीत ही कटकट नाही.

ताक म्हणजे आपण पितो ते पातळ ताक नाही. अमेरिकेत बिस्किटाला वापरतात ते ताक विरजलेलं आणि दाट असतं. म्हणून आदल्या दिवशीचं आंबटसर दही १५० ग्रॅम आणि गार पाणी ५० मिली घुसळून घे. हे आंबटपण चवीसाठी आहे, पण सोड्यासाठी त्याहून जास्त. आंबट आणि सोडा भेटले की वायू सुटतो आणि त्याने बिस्किट फुगतं. दही गोडसर असेल तर सोडा तसाच उरतो, मग साबणासारखी चव येते आणि पिवळट-तपकिरी डाग पडतात. हे डाग दिसले की लोक बेकिंग पावडर बदलतात, दह्याकडे कुणी बघत नाही.

दही एकदम ओत आणि उलथन्याने ढवळ. पीठ थालीपिठाच्या पिठाहून सैल आणि चिकट दिसेल. घाबरून वरून पीठ टाकायचं नाही! सगळी बिस्किटं इथेच बिघडतात. परात झाकून १५ मिनिटं फ्रीजमध्ये ठेव. तेवढ्यात इसबगोल पाणी पितं, पिठी ओली होते आणि गोळा आपोआप घट्ट होतो. ठेवल्यावरही कोरडं वाटलं, कडांना भेगा पडल्या, तर गार पाण्याचा एक-एक चमचा घाल. मात्र तासभर ठेवू नकोस, सोड्याचा वायू तोवर निघून जातो.

बटर पेपरवर तांदळाची पिठी भुरभुरून गोळा ओत आणि तळहाताने साधारण अडीच सेंटीमीटर जाड थाप. पत्र दुमडतो तशी तीन घडी घाल, पाव वळण देऊन पुन्हा थाप, पुन्हा घडी. असं तीनदा. मैद्याच्या बिस्किटाला जास्त मळलं की ते चिवट होतं, कारण ग्लूटेन जागं होतं. आपल्या पिठात ती भीती नाही, फक्त हाताच्या उबेने लोणी वितळायला नको. शेवटी १५ सेंटीमीटरचा चौकोन करून ओल्या धारदार सुरीने नऊ तुकडे काप. सुरी सरळ खाली दाबायची, ओढायची नाही, ओढली की कडा दबून एकमेकांना चिकटतात आणि पदर वर येत नाहीत. वाटीने गोल कापले तर उरलेल्या कडा पुन्हा मळाव्या लागतात, म्हणून चौकोनच बरे.

ओटीजी, म्हणजे आपला विजेचा छोटा ओव्हन, २२० अंशांवर, वरचा-खालचा दोन्ही रॉड लावून, १५ मिनिटं आधी तापवा. बाबा, ओटीजीच्या बटणावरचा आकडा आणि आतली उष्णता यांत बरंच अंतर असू शकतं. आत ठेवायचा छोटा थर्मामीटर मिळतो, तो एकदाच आणा. बिस्किटं तव्यात एकमेकांना टेकवून मांडा, म्हणजे बाजूला पसरायला जागा उरत नाही आणि ती वर चढतात. वरून दुधाचा हात फिरवून मधल्या कप्प्यावर १८ ते २० मिनिटं. वरचा रंग फसवतो, म्हणून मधलं एक उचलून खालची बाजू बघायची, ती सोनेरी-तपकिरी हवी. काढल्यावर १५ मिनिटं तोडू नका. तांदळाचा स्टार्च थंड होताना बसतो, गरम तोडलं तर आत गिचगिचीत लागतं आणि कच्चं राहिलं असं वाटतं. इसबगोलामुळे आत कधी कधी जांभळट-राखाडी छटा येते. ती निरुपद्रवी आहे.

बिस्किटं पसरून चपटी झाली तर लोणी गरम झालं होतं किंवा ओव्हन पुरेसं तापलं नव्हतं. घट्ट आणि दगडासारखी झाली तर पाणी कमी पडलं. हातात घेताच भुगा झाला तर इसबगोल कमी, किंवा पीठ विसावलं नव्हतं.

ओटीजी बंद पडला तर कढईत मीठ तापवून भाजायचा खटाटोप नको, वरून ती पांढरीच राहतात. त्याऐवजी दीड सेंटीमीटर जाडीची कापून बिडाच्या तव्यावर झाकण ठेवून अगदी मंद आचेवर दोन्ही बाजूंनी दहा-बारा मिनिटं भाजा. पदर येणार नाहीत, पण चहाला चालतील.

दुसऱ्या दिवशी ती कोरडी पडतात, फ्रीजमध्ये ठेवली तर आणखी लवकर. म्हणून चार भाजा आणि पाच कच्चीच फ्रीजरमध्ये कडक करून डब्यात भरा. लागतील तेव्हा न वितळवता २०० अंशांवर २५ मिनिटं भाजली की झालं. शिळं बिस्किट पाण्याचा हबका मारून, झाकण ठेवून तव्यावर दोन मिनिटं गरम केलं की मऊ होतं. रविवारच्या मिसळीलाही हे पावाऐवजी छान जमेल, रस्सा बेताने धरतं. फक्त फरसाण घरचं हवं, बाजारच्या फरसाणात मैद्याचं काहीतरी असतंच. पिंपळगावचे बेदाणे घालायचे असतील तर ४० ग्रॅम, बटर घातल्यानंतर आणि दही ओतण्याआधी.

पहिल्या घाण्यातलं एक बिस्किट गार झाल्यावर मधोमध कापून त्याचा फोटो पाठवा. आतले पदर आणि रंग पाहिले की पुढच्या खेपेला पाणी वाढवायचं की कमी करायचं, ते सांगते.

तुमची लेक