दुखत नाही म्हणून

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

फोनवर बाबांच्या पाठीच्या ऑपरेशनचा विषय निघाला की ते "बघू पुढं" म्हणून फोन आईच्या हातात देतात, म्हणून लिहायला बसले.

बाबा, तुम्ही म्हणता, "दुखत तर नाही, मग कापाकापी कशाला?" तिथंच तर मेख आहे. दुखलं असतं तर आपण दोन वर्षांपूर्वीच जागे झालो असतो. देवळाच्या पायऱ्या उतरताना तुमची उजवी चप्पल मागं राहिली आणि तुम्ही तसेच चार पायऱ्या खाली आलात. मी हसले होते. पायाला चप्पल गेल्याचं कळलंच नव्हतं, हे मला आत्ता समजतंय.

आणि आपण काय केलं? कमरेचा एमआरआय, कमरेचा पट्टा, कमरेचे व्यायाम. मज्जारज्जू, म्हणजे मेंदूपासून मणक्यांच्या आतून खाली येणारी नसांची जाड दोरी, कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशी संपतो, त्याखाली नुसत्या नसा. तुमच्या मज्जारज्जूवरचा दाब त्याच्याही वर, पाठीच्या दहाव्या-अकराव्या मणक्यांमध्ये. तिथला फोटो तेव्हा कुणी काढलाच नाही. हात ठणठणीत, पाय लाकडासारखे, अंधारात तोल जातो, लघवीला पळावं लागतं. हे सगळं एका ओळीत कुणी मांडलं नाही. मीसुद्धा नाही; लघवीचं खापर प्रोस्टेटवर फोडून मोकळी झाले.

मणक्यांच्या कमानींना जोडणारी एक पिवळट, लवचिक पट्टी असते. तुमची ती हाडासारखी कडक होऊन आत फुगलीय. तेला-मालिशनं हाड विरघळत नाही. आणि आई, तो पाठ कडाकडा मोडणारा माणूस घरात घेऊ नकोस, पाया पडते.

डॉक्टरांनी मला खिशातलं पेन काढून दाखवलं. ऑपरेशन दुर्बिणीनं; ती साधारण तेवढ्या जाडीची, चीर जेमतेम सेंटिमीटरभर. आत सलाईनचं पाणी सतत वाहतं ठेवतात, रक्त धुऊन जातं आणि पडद्यावर स्वच्छ दिसतं. पाण्याचा जोरही बेतानंच. हिऱ्याची कणी लावलेल्या, गरगर फिरणाऱ्या बारीक बरनं हाड कागदासारखं पातळ करायचं, मग अलगद उचलायचं. कमरेतल्या नसेसारखा मज्जारज्जू बाजूला सरकवता येत नाही. भलताच मणका उघडू नये म्हणून एक्स-रेवर मणके मोजून खूण करतात. मला तुमची दुकानाची वही आठवली: बेरीज एकदा वरून, एकदा खालून.

पण भोक लहान म्हणून ऑपरेशन लहान नव्हे. मज्जारज्जूचं आवरण त्या हाडाला चिकटलेलं असलं तर फाटून मज्जारज्जूभोवतीचं पाणी झिरपू शकतं. वेळ पडली तर पाठ उघडूनच करावं लागेल. पाय आणखी कमजोर होण्याचा धोकाही त्यांनी लपवला नाही, म्हणूनच मला ते पटले. स्नायू फारसे सोलावे लागत नाहीत, त्यामुळे लवकर उठवून चालवतात. बधिरपणा मात्र महिनोन्महिने रेंगाळतो, थोडा कायमचाही राहू शकतो. आधी घसरण थांबवायची. ऑपरेशन लांबवलं तर गेलेलं बळ परत येणं अवघड होत जातं.

दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेऊ, पण याच महिन्यात, आणि पाठीची फिल्म बरोबर घेऊन. रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनानं बंद करू नका, ती कधी थांबवायची ते डॉक्टर सांगतील.

मागं पट्टा असलेले सँडल कुरिअरनं पाठवलेत. आई, रात्री बाथरूमपर्यंतचा दिवा चालू ठेव. बिलावरून बाबा बोलले तर माझं नाव सांग.

तुमची,
मनू