नावांच्या वादात गाण्यांचीही साक्ष काढावी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पुण्यातील पेठा, गल्ल्या आणि देवस्थाने यांना ती-ती नावे कशी पडली, याविषयी आपल्या वाचकपत्रांत रंगलेला वाद वाचताना एक गोष्ट खटकते. ‘आमच्याकडे असेच सांगतात’ यापलीकडे कोणताही पक्ष जात नाही आणि ज्या मौखिक परंपरेत शब्द निदान चालीने बांधलेले असतात, त्या पोवाडे, लावण्या व ओव्यांकडे कोणी वळतही नाही.

सदाशिव पेठेतील खुन्या मुरलीधराचेच घ्या. एक पक्ष हे नाव पेशवाईच्या उत्तरार्धात मूर्तीच्या स्थापनेच्या वेळी झालेल्या रक्तपाताशी जोडतो, तर दुसरा १८९९ च्या फेब्रुवारीत त्या परिसरात झालेल्या, चाफेकरांची माहिती इंग्रज सरकारला देणाऱ्या द्रविड बंधूंच्या हत्येकडे बोट दाखवतो. यावर कितीही तर्क लढवले तरी निकाल लागणार नाही. पण १८९९ पूर्वीच्या एखाद्या कवनात किंवा बाडात उतरवलेल्या लावणीत ‘खुन्या’ हे विशेषण आढळले, तर दुसरी कथा तत्काळ बाद होते. ते आढळले नाही, म्हणून पहिली कथा खोटी ठरत नाही. आणि आढळले तरी नाव प्रचारात होते एवढेच कळते, ते का पडले हे नव्हे.

गाण्यांची साक्षही उलटतपासणीशिवाय घेऊ नये. अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांचा पोवाड्यांचा संग्रह १८९१ मध्ये छापला गेला. परंतु छपाईचे साल हे रचनेचे साल नव्हे. मधल्या काळात गाणाऱ्याने जुने नाव काढून श्रोत्यांच्या ओळखीचे नाव घातले असण्याचा संभव असतो. म्हणूनच, गुरुवार पेठेला ‘वेताळ’ किंवा रास्ता पेठेला ‘शिवपुरी’ म्हणणारी ओळ मिळाली, तर तिचे मोल अधिक मानावे, कारण विस्मरणात गेलेले नाव मागाहून कोणी मुद्दाम घालत नाही. ग्रामोफोनच्या तबकड्यांचा उपयोग येथे बेताचाच आहे. जेमतेम तीन मिनिटांच्या बाजूत गाणे बसवताना कडवीच्या कडवी गळाली.

या बाबतीत हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी जमवलेल्या जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्यांचे काम आदर्श आहे, कारण तेथे ओवीबरोबर गाणारीचे नाव आणि गावही नोंदवले गेले. शहरातल्या घरांतील गाण्यांच्या वह्यांना हे भाग्य क्वचितच लाभते. माळा आवरताना त्या सरळ रद्दीत जातात.

महापालिकेने नामफलकावर व्युत्पत्ती देताना एकच कथा ठामपणे न लिहिता, नावाचा सर्वांत जुना ज्ञात उल्लेख, त्याचे साल आणि प्रचलित मतभेद द्यावेत. आपणही या सदरात वाचकांकडून जुन्या गाण्यांतील स्थळनामांच्या ओळी मागवाव्यात. मात्र गाणे कोणाकडून ऐकले, ते कोणत्या गावचे किंवा पेठेचे आणि वहीवर साल आहे काय, एवढी माहिती सोबत असल्याशिवाय ओळ छापू नये.

आपला,
एक वाचक, पुणे