लिफाफा उघडायला कोर्टात का जावं लागतं?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मी घोडबंदर रोडला कासारवडवलीच्या बाजूला राहतो, वायरिंगची, पंप बसवायची छोटी छोटी कामं घेतो. सकाळी कापूरबावडीपर्यंत पोचायला कधी अर्धा तास कधी दीड तास, आणि गायमुखच्या घाटात एखादा कंटेनर बंद पडला की मग त्या दिवसाचं काही खरं नाही. त्यामुळे गायमुखपासून बोगदा होणार आणि पुढे भाईंदरला उन्नत रस्ता होणार हे ऐकून आमच्या सोसायटीत सगळेच खूश होते. नंतर त्या टेंडरचं काय झालं ते सगळ्यांनी पेपरात वाचलं आणि दोन महिन्यांत विसरूनही गेले, मला मात्र ते अजून विसरता येत नाही म्हणून लिहितोय.

एमएमआरडीएची, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची, ही दोन कामं मिळून साधारण १४ हजार कोटींची. टेंडरमध्ये दोन लिफाफे असतात, आधी टेक्निकलचा म्हणजे पात्रतेच्या कागदपत्रांचा, त्यात पास झालं तरच दराचा उघडतात. एल अँड टीला टेक्निकलमध्येच बाद केलं, तिचा दराचा लिफाफा उघडलाच नाही आणि मेघा इंजिनिअरिंग ही दुसरी कंपनी सगळ्यात कमी दराची ठरली. एल अँड टी हायकोर्टात गेली, तिथे दिलासा मिळाला नाही, मग सुप्रीम कोर्टात गेली आणि तिथे बाहेर आलं की तिचे दर दोन्ही कामांत मिळून ३ हजार कोटींच्या आसपास कमी होते! कोर्टाने विचारायला सुरुवात केल्यावर ३० मे २०२५ ला एमएमआरडीएकडून सांगण्यात आलं की दोन्ही टेंडर रद्द करतोय. म्हणजे तो लिफाफा बंदच राहिला असता तर हे ३ हजार कोटी तुमच्या आमच्या खिशातून गेले असते आणि आपल्याला पत्ताही लागला नसता.

माझा सगळा राग इथेच आहे. हे कळलं कारण बाद झालेली कंपनी तेवढीच मोठी होती, तिला मोठमोठे वकील परवडले. आमच्यासारख्याने काय करायचं? काही वर्षांपूर्वी मी एका ठिकाणी रस्त्यावरच्या दिव्यांच्या मेंटेनन्सचं टेंडर भरलं होतं, बायकोच्या बांगड्या गहाण ठेवून ईएमडी म्हणजे अनामत रक्कम भरली. टेक्निकलला बाद, कारण काय तर एका पानावर सही नाही. मी माझी झेरॉक्स घेऊन गेलो, त्यावर सही होती, समोरचा क्लार्क बघून म्हणाला तुमचं बरोबर आहे हो पण साहेब मीटिंगला गेलेत. चार वेळा गेलो, चारही वेळा साहेब मीटिंगलाच. वकिलाने फी सांगितली ती त्या कामातल्या नफ्यापेक्षा जास्त, सोडून दिलं. काम कुणाला मिळालं ते तिथल्या चहावाल्यालाही आधीपासून माहीत होतं, आणि ईएमडी परत मिळायला आठ महिने लागले.

आता इलेक्टोरल बॉण्डचं बघा, म्हणजे स्टेट बँकेतून विकत घेऊन नाव जाहीर न होता पक्षांना देणगी द्यायचे ते रोखे. २०१७ मध्ये कायदा बदलून कंपन्यांच्या देणगीवरची नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा काढली आणि कुठल्या पक्षाला पैसे दिले ते हिशोबात दाखवायचं बंधनही काढलं. १५ फेब्रुवारी २०२४ ला सुप्रीम कोर्टाने सगळी योजनाच घटनाबाह्य ठरवली, स्टेट बँक माहिती द्यायला ३० जूनपर्यंत वेळ मागत होती म्हणजे लोकसभेची मतं पडून गेल्यावर, कोर्टाने ऐकलं नाही म्हणून बॉण्ड कुणी घेतले त्याची यादी आपल्याला बघायला मिळाली. त्या यादीत मेघा दोन नंबरला, ९६६ कोटी. त्यातले १४० कोटींचे बॉण्ड एप्रिल २०२३ मध्ये घेतलेले आणि पुढच्याच महिन्यात ठाणे-बोरिवली बोगद्याचं १४ हजार कोटींच्या वरचं काम त्याच कंपनीला. लाच दिली असं कुठल्या कोर्टाने म्हटलेलं नाही, मीही म्हणत नाही, पण या दोन तारखा तेव्हाच लोकांसमोर असत्या तर निदान कुणीतरी विचारलं असतं की नाही? आणि हे एकाच पक्षाचं नाही, सगळ्यात जास्त पैसे भाजपला मिळाले हे खरं पण तृणमूल, काँग्रेस, बीआरएस सगळ्यांनीच घेतले. माकपने घेतले नाहीत आणि उलट कोर्टातही गेले, त्याबद्दल त्यांना मानलं पाहिजे.

मला एल अँड टीशीही काही घेणंदेणं नाही. नियमात बसत नसेल तर देऊ नका तिला काम. पण ज्याला बाद केलं त्याला का बाद केलं, कुठल्या पानावर काय कमी होतं, ते त्याच दिवशी वेबसाइटवर टाका, आणि वर्क ऑर्डर द्यायच्या आधी त्याचाही दर उघडून लोकांना दाखवा. स्वस्त दर नाकारायचा असेल तर खुशाल नाकारा, पण किती कोटी जास्त देऊन नाकारतोय ते लिहून सही करा. आणि टेंडर भरणाऱ्या कंपनीने मागच्या तीन वर्षांत कुठल्या पक्षाला किती पैसे दिले तो कागद टेक्निकलच्या लिफाफ्यातच जोडायला लावा. आम्हाला नाही का शॉप ॲक्टपासून पॅन कार्डापर्यंत सगळं जोडायला लागतं, एक कागद कमी असला तर बाद करता.

तुमच्या पेपरला एक विनंती. यापुढे ठाण्यात हजार कोटींच्या वरचं कुठलंही टेंडर उघडलं की पास झालेल्या आणि बाद झालेल्या सगळ्या कंपन्यांची नावं, बाद करायचं कारण आणि मिळतील ते दर शेजारी शेजारी छापा. लिफ्टजवळ आमच्या सोसायटीचा नोटीस बोर्ड आहे, ते कात्रण दर वेळी तिथे लावायचं काम माझं.

आपला,
एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे