बिब्ब्याची शीट माझ्याकडे आहे

प्रिय गौरे,

आईचा गुडघा आता बरा आहे. वॉकर घेऊन स्वयंपाकघरापर्यंत जाते आणि पोळ्यावाल्या मावशींना पोळी कशी लाटायची ते शिकवते. मीही ठीक. तुमच्याकडे थंडी सुरू झाली असेल, जप.

फोन केला असता, पण फोनवर तू मधेच बोलतेस आणि मग मी भलतीकडे जाते. हे मला सलग सांगायचंय. शनिवारी आपल्या सायबरपंकमध्ये, त्या पात्रं घेऊन फाशांनी खेळायच्या खेळात, मंद्याने त्याच्या डॉक्टरची, बिब्ब्याची, शीट माझ्यापुढे सरकवली; पात्राचे सगळे आकडे असतात तो कागद. मी मागायच्या आधीच.

खेळणाऱ्या दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो मला नियम ऐकवेल. शरीरात यंत्रं बसवली की ह्युमॅनिटीचे, म्हणजे माणूसपणाचे, गुण कमी होतात; ते संपून शून्याखाली गेले की पात्र जीएमचं, म्हणजे खेळ चालवणाऱ्याचं, आता माझं. नियम मला पाठ आहे गं. पण तू जीएम असताना माझ्या हातातून एकदा अशीच शीट, माझ्या पाकोळीची, घेतली होतीस, म्हणून हे तुलाच लिहितेय.

तू गेलीस तेव्हा आपण जुन्या सायबरपंक 2020 वरच होतो, तेव्हा थोडं मागचं सांगते. सायबरपंक रेड हे नवं रूप, पुस्तक आलं 2020 सालीच, गोष्ट मात्र 2045 मधली. नाइट सिटी तीच, कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरची. पण 2023 मध्ये अरासाका कंपनीच्या टॉवरमध्ये अणुबॉम्ब फुटलाय, त्यानंतर कितीतरी वर्षं आभाळ लाल होतं, आणि अर्धं शहर मालवाहू कंटेनरमध्ये राहतं. बार्टमॉस नावाच्या हॅकरने जुनं नेट पार नासवून टाकल्यामुळे घरबसल्या कुठेही घुसायचे दिवस संपले. नेटरनरला, म्हणजे हॅकर पात्राला, आता टोळीबरोबर जावं लागतं, अ‍ॅक्सेस पॉइंटपासून सहा मीटरच्या आत उभं राहून, बाकीचे गोळ्या झेलत असताना त्याच फेरीत आपलं काम करावं लागतं. पाकोळी नेटमध्ये शिरली की बंड्या आणि काका खाली जाऊन वडापाव खाऊन, चहा पिऊन परत यायचे आणि आपलं दोघींचं तरी चालूच असायचं, आठवतं? तेवढी एक गोष्ट रेडने कायमची सोडवली. वडापावचं बंड्याला वाईट वाटतं.

तर शनिवार. सलोनीची फिक्सर (कामं जुळवून देणारं पात्र), तार, एका कंपनीच्या लोकांनी उचललेली. गोदीत एका कंटेनरमध्ये कोंडलेली, दार बाहेरून वेल्ड केलेलं, जहाज पहाटे सुटणार. मी कागदावर गोल काढून त्याचे सहा भाग केले होते, चार भरलेले. (हे घड्याळ मी ब्लेड्स इन द डार्क या दुसऱ्या खेळातून उचललं. सगळ्यांना दिसेल असं मधोमध ठेवते. वेळ संपत आलीय हे मला तोंडाने सांगावंच लागत नाही.) क्रेनला पैसे नव्हते. स्फोटकं लावावीत तर आत तार. मंद्या म्हणाला, मी लिनिअर फ्रेम, म्हणजे ताकद वाढवणारा यांत्रिक सांगाडा, बसवून घेतो आणि दार उपटतो.

मी नेहमी करते तेच केलं. फासे उचलायच्या आधी किंमत सांगितली. म्हटलं, ह्युमॅनिटी जाण्याचे चार फासे पडतील, सरासरी 14. तुझ्याकडे 11 उरलेत. थेरपीने थोडे भरून येतील, पण थेरपीला आठवडा लागतो आणि जहाज पहाटेचं आहे. सलोनी म्हणाली, अरे नको, मी नवीन पात्र करते. काका काही बोलला नाही. मंद्याने तू ठेवून गेलेले ते पिवळे फासे घेतले आणि सगळ्यांसमोर टाकले. सहा, पाच, चार, दोन. एकूण सतरा.

बिब्ब्याने दार उपटलं. तार बाहेर आली. तो प्रसंग मी पूर्ण खेळू दिला, कारण त्याने मोजलेल्या किमतीचा माल त्याला मिळायलाच हवा होता. मग त्याने पेन्सिल खाली ठेवली आणि शीट सरकवली. गौरे, ती शीट बघायला हवी होतीस. ह्युमॅनिटीच्या चौकोनात इतक्यांदा खोडलंय की तिथला कागद विरून पलीकडचं टेबल दिसतं. साठापासून सुरुवात केली होती त्याने. दर वेळी कुणाला तरी वाचवायला काहीतरी बसवून घेतलं, स्वतःच्या हौसेसाठी एकदाही नाही. "तू बघ आता," एवढंच म्हणाला आणि गाडी काढायला खाली गेला.

तू इथे असतीस तर पडद्यामागे फासे टाकून सतराचे नऊ केले असतेस, माहितीय मला. त्यावरून आपण किती भांडलोय. तुझं म्हणणं, जीएमने गोष्ट वाचवायची. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे: या खेळात जीएमने किंमत राखायची. ड्रॅगन मारायच्या खेळात तुझी पद्धत चालेलही. पण नाइट सिटीत प्रत्येक गोष्टीवर भावाची चिठ्ठी आहे. ती चिठ्ठी मी गुपचूप बदलली, तर मंद्याने जे केलं त्याला काही अर्थच उरत नाही. सतराचे नऊ झाले असते तर त्याने मित्रासाठी काय दिलं? काहीच नाही.

मी कसं चालवते ते तुला कधी नीट लिहिलंच नाही. दर महिन्याची पहिली तारीख मी टेबलावर पाळते. कंटेनरचं भाडं हजार युरोबक, किबल खाऊन जगायचं तर आणखी शंभर. किबल म्हणजे कुत्र्याच्या खाण्यासारखं काहीतरी, बंड्याचा सोलो, म्हणजे भाडोत्री लढवय्या, त्यावर जगतो आणि त्याच्या बंदुकीला मात्र सगळे जोड लागलेले. भाडं थकलं की मला खलनायक शोधावा लागत नाही. ते स्वतः फिक्सरकडे जातात, वाईट काम वाईट दरात घेतात, आणि त्या कामातून पुढचे तीन शनिवार निघतात. कंपनी कधी त्यांच्यावर सूड उगवत नाही, कारण कंपनीला त्यांची नावंच ठाऊक नसतात. दारावरच्या पहारेकऱ्याला मात्र नाव असतं. तो सलग दुसरी पाळी करत असतो, त्याच्या यांत्रिक डोळ्याचा हप्ता बाकी असतो, आणि गोळी लागली तर पैसे भरलेल्यांनाच वाचवणारी ट्रॉमा टीम त्याच्यासाठी येणार नसते. बंड्याने मागच्या महिन्यात अशा एकाला न मारता चहाला बसवलं. नियमात त्याचे काही गुण मिळत नाहीत, पण मला त्या दिवशी फार आनंद झाला.

आणि बेत आखण्यात रात्र घालवायची नाही. तुझ्या वेळी दरोड्याचा नकाशा काढण्यात दोन-दोन रविवार जायचे. आता मी थेट दारात नेऊन उभं करते, आणि अडलं की फ्लॅशबॅक: आधी काय तयारी केली होतीस ते आत्ता सांग, खर्च दे. तरी कॅफेत एकदा पंचाईत झालीच. सलोनी मोठ्याने म्हणाली, "बँकेत मागच्या दाराने घुसू, कॅमेरे मी बघते," आणि शेजारच्या टेबलावरचे आजोबा चष्मा काढून आमच्याकडे बघत राहिले. मग काकाने त्याची आवडती गोष्ट पुन्हा सांगितली, 1 मार्च 1990, ऑस्टिन, अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने स्टीव्ह जॅक्सन गेम्स या खेळ बनवणाऱ्या कंपनीवर छापा घालून गर्प्स सायबरपंक या खेळपुस्तकाचं अर्धवट हस्तलिखित उचलून नेलं, आणि 1993 मध्ये कोर्टाने कंपनीला पन्नास हजार डॉलर मिळवून दिले. काका ही गोष्ट अजून तितक्याच रागाने सांगतो. आजोबांनीही ऐकली.

बंड्याचा हट्ट चालूच आहे, पुणे 2045 कर, हिंजवडीत अरासाका आण. मी नाही म्हणते. नाइट सिटीला स्वतःचा इतिहास आहे, रस्ते आहेत, कुठली टोळी कुठल्या गल्लीत आणि का, ते सगळं आहे. तिथे आपण परके आहोत, म्हणून विचारत विचारत पुढे जातो. पुण्यात तो प्रत्येक कोपऱ्यावर मला दुरुस्त करेल.

आता मूळ काळजी.

तू पाकोळीला घेतलंस आणि पुढच्या रविवारी तिला मारेकरी करून आणलंस. काकाच्या टेकीला, म्हणजे यंत्रं दुरुस्त करणाऱ्या पात्राला, डोक्यात गोळी. 2020 मध्ये डोक्याला एका फटक्यात आठाच्या वर गेलं की संपलंच, काकाला फासाही टाकता आला नाही. मी दिवाळीपर्यंत तुझ्याशी बोलले नव्हते. सगळ्यांना वाटलं, पात्र गेलं म्हणून रुसलीय. कारण वेगळंच होतं. पाकोळी वाक्याच्या शेवटी "काय" म्हणायची, तू तेही तिच्याकडून काढून घेतलंस. जी आली ती कुणीही असू शकली असती. मला ती माझी म्हणून ओळखू आली असती आणि मग तिने गोळी झाडली असती, तर मी रडले असते आणि तुला मिठी मारली असती.

मंद्याच्या बाबतीत मला तसं होऊ द्यायचं नाही. बिब्बा बंदूक घेऊन येणार नाही. माझ्या डोक्यात असं आहे की तो डॉक्टरच राहील, अजूनही प्रत्येकाला वाचवेलच, फक्त विचारायचं थांबवेल. बंड्याच्या सोलोचा अधू हात झोपेत कापून नवा बसवेल. तारला पुन्हा कुणी उचलू नये म्हणून स्वतःच कोंडून ठेवेल. बोलणं तेच, "जरा चटका बसेल हं" हे वाक्य तेच. समोर माणूस आहे एवढंच त्याला दिसणार नाही. मला वाटतं, ह्युमॅनिटी शून्याखाली जाण्याचा खरा अर्थ हाच असावा.

सलोनीने सुरुवातीलाच विचारलं होतं, अवयव बसवला की माणूस कमी होतो, हे काय बोलणं? तिच्या भावाला जयपूर फूट आहे, तुला माहितीच आहे. रेडने तिथे नीट विचार केलाय. गेलेल्या पायाच्या जागी साधा वैद्यकीय पाय बसवला तर ह्युमॅनिटी अजिबात जात नाही. माणसाच्या पलीकडचं काही मागितलं तरच जाते. ते मी तिला पुस्तकात दाखवलं, तेव्हा तिचं समाधान झालं. बिब्ब्याला मी याच रेषेवर तोलणार आहे.

पण मंद्या. त्याच्या बाबांचं डायलिसिस चालू आहे हे तुला बंड्याने सांगितलं असेल. आईला रात्रीची झोप मिळावी म्हणून तोच दवाखान्यात बसतो. फॉर्मवर सह्या तोच करतो. आणि खेळात त्याने डॉक्टर घेतला, आणि तो डॉक्टर सगळ्यांना वाचवता वाचवता संपला. "तू बघ आता" म्हणाला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर मला सुटका दिसली की थकवा, हे मी शनिवारपासून ठरवू शकलेले नाही. त्याला हे पात्र कुणाच्या तरी हाती सोपवून मोकळं व्हायचं असेल, तर मी बिब्ब्याला दर आठवड्याला त्याच्यासमोर आणणं म्हणजे छळ. आणि त्याला बघायचं असेल की कुणीतरी बिब्ब्याला सांभाळतंय, आणि मी त्याला गुपचूप गोष्टीतून काढून टाकलं, तर तेही वाईटच. पहिल्या बैठकीत सगळ्यांनी नको असलेल्या गोष्टी लिहून दिल्या होत्या. मंद्याच्या चिठ्ठीवर होतं, म्हाताऱ्या माणसाचं आजारपण नको. तिथे मी जाणार नाही हे पक्कं. बाकी सगळं धुक्यात.

काका म्हणतो, सरळ विचार त्याला. विचारणार आहेच. पण हातात एखादी ठोस गोष्ट घेऊन विचारावं असं वाटतं. म्हणजे, बिब्बा कुठल्या तीन गोष्टी कधीही करणार नाही ते तू लिहून दे, मी त्या पाळेन. आणि नवीन पात्र म्हणून बिब्ब्याची जुनी नर्स घे, त्याला शोधणारी. त्याला परत आणता येईल की नाही हे मी आधी ठरवणार नाही, किंमत मात्र आधी सांगेन. हे बरोबर वाटतं का तुला? की नर्स देणं म्हणजे पुन्हा त्यालाच उशाशी बसवणं झालं? तू पाकोळीच्या वेळी माझ्याशी आधी बोलली असतीस तर मी काय सांगितलं असतं, याचा मी खूप विचार केला. मी म्हटलं असतं, तिला मार, पण तिचं "काय" ठेव.

तुझ्या नव्या नोकरीचं कळलं, फार छान झालं, सविस्तर लिही. घर मिळालं का? आदित्यला विचारलंय म्हणून सांग. त्याने डच शिकायला घेतलंय म्हणे, भले!

पाकोळीची शीट अजून तुझ्याकडे असेल तर दोन्ही बाजूंचा फोटो पाठव. मागच्या बाजूला तू त्या रविवारसाठी काहीतरी टिपून ठेवलं होतंस, मला तेव्हा दाखवलं नाहीस. आता दाखव. शुक्रवारी रात्री मंद्याला भेटतेय, त्याच्या आत मिळालं तर बरं.

तुझी,
मुग्धा

ता. क. पिवळे फासे परत मागू नकोस. सलोनी ते आता कुणाला हात लावू देत नाही.